थरच्या वाळवंटातील पेयजल : संकलन, शुद्धता आणि सामाजिक नियमन

प्रस्तावना
पश्चिम राजस्थानातील जैसलमेर परिसरात सरासरी वार्षिक पाऊस 200 मिलिमीटरहूनही कमी पडतो. बारमाही नदी नाही आणि भूजल बहुतांशी खारे आहे. त्यामुळे पाणी मिळविण्याइतकाच गोडे पाणी खाऱ्यापासून वेगळे राखण्याचा प्रश्न येथे महत्त्वाचा होता. मरुभूमीतील समाजाने त्यास दिलेल्या उत्तराचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

कुई व टांका
लोकव्यवहारात पाण्याचे तीन प्रकार मानले जात : थेट पावसाचे ‘पालर’, खोल भूगर्भातील ‘पाताळ’ आणि वाळूत मुरूनही पाताळपाण्यात न मिसळलेले ‘रेजाणी’. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ (1995) या ग्रंथात त्यांचे विवेचन केले आहे. ज्या भागात वाळूखाली जिप्समचा थर आहे, तेथे मुरलेला ओलावा खाली न जाता अडून राहतो. त्यासाठी अरुंद कुई खणली जाई. व्यास लहान असल्याने थेंबाथेंबाने झिरपणारे पाणीही तळाशी उपसण्याजोगे साचे आणि बाष्पीभवन कमी होई.

टांक्यात मात्र पालर पाणी साठविले जाई. त्याभोवतीचे उतरते अंगण, म्हणजे आगोर, पावसाळ्यापूर्वी झाडून स्वच्छ करीत. तेथे गुरे व पादत्राणे वर्ज्य असत. आत येणाऱ्या पाण्यातील केरकचरा जाळीने अडविला जाई, तर आच्छादनामुळे ऊन व धूळ यांपासून साठा सुरक्षित राही. पुढे घरात पाणी कापडाने गाळले जाई. म्हणजेच शुद्धीकरणाचा आरंभ साठवणुकीच्या आधीच होत असे.

सामाजिक नियमन
कुई खासगी मालकीची असली तरी ती गावाच्या सामायिक जमिनीत असे. प्रत्येक नवी कुई म्हणजे त्याच मर्यादित ओलाव्याची नवी वाटणी. म्हणून नव्या खोदकामावर ग्रामसमाजाचे नियंत्रण राही. याच ग्रामव्यवस्थेने अस्पृश्य मानलेल्या जातींना अनेक पाणवठ्यांपासून दूर ठेवले. परंपरेच्या गौरवात ही बाजू दुर्लक्षून चालणार नाही.

निष्कर्ष
1958 मध्ये पायाभरणी झालेल्या राजस्थान कालव्याने, म्हणजेच पुढील इंदिरा गांधी कालव्याने, सतलज-बियासचे पाणी मरुभूमीत आणले. पाणी दुरून मिळू लागल्यावर अनेक ठिकाणी आगोराची निगा मागे पडली. टांका पुन्हा बांधता येतो. परंतु आगोर निर्मळ राखणारी सामूहिक शिस्त केवळ बांधकामाने परत येत नाही. ती पुन्हा उभारताना पाण्यावरील समान हक्क हा तिचा पाया असणे आवश्यक आहे.