मधुमेह आहे, पण कोणता?

उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसीचा आकडा ६.५ किंवा त्याच्या वर. पुन्हा तपासूनही तसंच आलं की मधुमेहाचं निदान पक्कं होतं. त्या संध्याकाळी घरात चर्चा होते ती भाताची, आंब्याची, चहातल्या साखरेची. आईकडून आला की वडिलांकडून, हेही निघतं. पण हा मधुमेह कोणत्या प्रकारचा, हे विचारायचं बहुतेकदा राहून जातं. या पुस्तकाची सुरुवात त्याच प्रश्नापासून आहे.

रक्तात साखर वाढली आहे, एवढंच तो आकडा सांगतो. ती का वाढली, हे वेगळं शोधावं लागतं आणि उपचार त्या कारणावर ठरतात. ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे दोन भेद सांगितले आहेत. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. आधुनिक वैद्यकात ही विभागणी प्रयोगातून दाखवली ती लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी, १९३६ मध्ये. इन्सुलिन टोचल्यावर काही रुग्णांची साखर झपाट्याने उतरते आणि काहींची फारशी हलत नाही, असं त्यांना दिसलं.

आज पहिला प्रकार म्हणतात त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, तेही निदानाच्या दिवसापासून. इथे उशीर परवडत नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल सारखं पाणी मागतं, कित्येक वर्षांनी पुन्हा अंथरूण ओलं करतं, गणवेश ढगळ होतो. मग पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जलद चालतो. हे पित्त किंवा गॅस्ट्रो समजून सलाईन लावण्यात एक दिवस गेला, तर जिवावर बेतू शकतं. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब ग्लुकोमीटरवर घेतला की मिनिटाच्या आत उलगडा होतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन मिळालं. त्याआधी अशी मुलं वाचत नसत. हा प्रकार मोठ्या वयातही होतो, हे ध्यानात असू द्या.

दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असतं, पण यकृत आणि स्नायू त्याला पुरेशी दाद देत नाहीत, आणि बीटा पेशींची ताकद वर्षानुवर्षं कमी होत जाते. आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे. पण पाठ्यपुस्तकातला लठ्ठ, पन्नाशीचा रुग्ण मनात धरून आपण आपल्याच माणसांकडे पाहिलं, तर फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा होता, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांची ९.१ टक्के भरली, याज्ञिकांची २१.२ टक्के. त्या दोघांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५, तरीही आपल्या बाळांची चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी पडले होते ते स्नायू. 'मी तर बारीक आहे, मला कसा झाला?' असं कळवळून विचारणाऱ्याला यातून खरं उत्तर मिळतं. त्याची चूक शोधत बसण्यापेक्षा हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं.

गरोदरपणातला मधुमेह वेगळा पाहावा लागतो. आपल्याकडच्या पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहतात; १४० किंवा जास्त आली तर निदान होतं. त्यासाठी उपाशी असण्याची अट नाही. पहाटे भाकरी खाऊन एसटीने तालुक्याला आलेल्या बाईची तपासणी त्याच फेरीत होते, हे या पद्धतीचं मोठंच बळ. बाळंतपणानंतर साखर पुन्हा तपासणं मात्र हमखास राहून जातं.

थोड्या घरांत एकाच जनुकातल्या बदलामुळे मधुमेह पिढ्यान् पिढ्या उतरतो. त्यातल्या ग्लुकोकायनेज जनुकाच्या प्रकारात साखर जन्मापासून किंचित वाढलेली असते आणि सहसा औषधच लागत नाही. उलट जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत दिसलेला मधुमेह जनुकीय असण्याचीच शक्यता जास्त. अशी अनेक बाळं इन्सुलिनवरून सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर येऊ शकतात, हे २००६ पर्यंत सिद्ध झालं. लहानपणीच्या कुपोषणाशी जोडलेला मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये स्वतंत्र मानला, १९९९ मध्ये वर्गीकरणातून काढला, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने तो 'पाचवा प्रकार' म्हणून पुन्हा स्वीकारला. त्यावर अभ्यासकांत वाद चालू आहे.

देशात मधुमेही १० कोटींच्या पुढे आहेत, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला आयसीएमआरचा अभ्यास सांगतो. एवढ्या गर्दीत फाइलवर 'टाइप टू' लिहून पुढचा रुग्ण बोलावला जाणं स्वाभाविक आहे. तुमचं वय कमी असेल, अंगकाठी किरकोळ असेल, वजन भराभर उतरलं असेल किंवा गोळ्यांनी काहीच फरक पडत नसेल, तर सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा. सगळ्यांना त्या लागत नाहीत. ज्यांना लागतात, त्यांच्या फाइलवरचा प्रकार दोन-चार वर्षांनीही बदलू शकतो, आणि त्याबरोबर औषधही.