विश्लेषण : फोटोतील रंगछटा का बिघडते? ‘टेम्परेचर’ आणि ‘टिंट’ने ती कशी सुधारतात?

लाल कापडाच्या मांडवात काढलेल्या फोटोत चेहरे लालसर दिसतात, काही ट्यूबलाइटखाली हिरवट आणि पिवळ्या बल्बखाली केशरी. फोन महागडा असला तरी असे होऊ शकते. फोटो एडिटिंग अ‍ॅपमधील ‘टेम्परेचर’ आणि ‘टिंट’ या पट्ट्या हा दोष काढण्यासाठी असतात. मात्र त्याच पट्ट्यांनी वस्तूचा किंवा माणसाच्या त्वचेचा खरा रंगही बदलता येतो. म्हणून रंग दुरुस्त करणे आणि रंग बदलणे यातील फरक समजून घ्यायला हवा.

फोटोत चुकीची छटा का येते?

प्रत्येक प्रकाशाला स्वतःचा रंग असतो. तो केल्विन या एककात सांगितला जातो. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्विन, पिवळ्या बल्बचा २,७०० ते ३,००० आणि भर दुपारच्या उन्हाचा ५,५०० केल्विनच्या आसपास असतो. आकडा जितका कमी तितका प्रकाश केशरी-पिवळा आणि जितका जास्त तितका निळसर.

माणसाचा मेंदू हा फरक बऱ्याच अंशी आपोआप वजा करतो. त्यामुळे पांढरा कागद बल्बखालीही पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला मात्र प्रकाशाचा अंदाज बांधावा लागतो. या सोयीला ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. हळदीच्या कार्यक्रमात सगळीकडेच पिवळा रंग असतो. तो प्रकाशाचा दोष आहे असे समजून कॅमेरा कधी कधी फोटोत निळा मिसळतो आणि हळदीचा रंग फिका पडतो.

मेंदूचा अंदाजही फसू शकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद रंगला. कुणाला तो पांढरा-सोनेरी दिसत होता, कुणाला निळा-काळा. प्रत्यक्षात ड्रेस निळा-काळा होता. फोटोतील प्रकाश कोणता, याबद्दल प्रत्येकाच्या मेंदूने वेगळा अंदाज बांधला होता.

टेम्परेचर, टिंट आणि ह्यू यांत फरक काय?

टेम्परेचरची पट्टी निळा आणि पिवळा या दोन टोकांमध्ये फिरते. टिंटची पट्टी हिरवा आणि मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी-जांभळा, यांमध्ये फिरते. ट्यूबलाइटचा हिरवटपणा टेम्परेचरने जात नाही. त्यासाठी टिंट मॅजेंटाकडे न्यावी लागते.

लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये केल्विनचा आकडा वाढवला की फोटो पिवळसर होतो. हे उलटे वाटते, पण त्यामागे कारण आहे. तो आकडा ‘प्रकाश इतका निळा होता’ असे सॉफ्टवेअरला सांगतो आणि सॉफ्टवेअर ती निळाई मारण्यासाठी पिवळा मिसळते.

‘ह्यू’चे काम निराळे. ही पट्टी सगळे रंग ३६० अंशांच्या रंगचक्रावर फिरवते. लाल हिरवा होतो, हिरवा निळा होतो. त्यामुळे प्रकाशाचा दोष काढण्यासाठी ती उपयोगाची नाही. फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या गिंपमधील ‘कलराइझ’ हा पर्याय संपूर्ण फोटोला एकच छटा देतो. जुन्या फोटोसारखा तपकिरी रंग त्याने मिळतो.

छटा दुरुस्त कशी करावी?

१. फोनचा ‘नाइट लाइट’ किंवा डोळ्यांना आराम देणारा मोड आधी बंद करावा. पिवळ्या स्क्रीनवर दुरुस्त केलेला फोटो इतरांना निळसर दिसतो.

२. मूळ फोटोची प्रत ठेवावी. फोटोशॉपमध्ये ‘अ‍ॅडजस्टमेंट लेयर’ वापरल्यास मूळ चित्र शाबूत राहते.

३. ड्रॉपरची खूण असलेल्या साधनाने फोटोतील करड्या किंवा पांढऱ्या भागावर टिचकी द्यावी. नीळ दिलेला सदरा मात्र निवडू नये. तो मुळातच निळसर असल्याने फोटो पिवळा पडतो. दिव्यासारखा अति उजळ भागही टाळावा, कारण तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते.

४. मग आधी टेम्परेचर, नंतर टिंट थोडी थोडी हलवावी. शेवटी चेहरे आणि दात नैसर्गिक दिसतात का, ते पाहावे.

एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने बल्ब असेल, तर एका पट्टीने काम भागत नाही. चेहऱ्याची एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. अशा वेळी ‘मास्क’ किंवा ब्रशने तेवढाच भाग निवडावा लागतो.

जेपीईजी फोटोत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पातळ्या असतात. त्यामुळे छटा फार ओढली की रंग फाटल्यासारखे दिसतात. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये बहुधा १२ किंवा १४ बिटची, म्हणजे कितीतरी अधिक माहिती असते. म्हणून तिथे मोठा बदलही खपून जातो.

मर्यादा कुठे?

जून १९९४ मध्ये अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो अधिक काळा करून मुखपृष्ठावर छापला. ‘न्यूजवीक’ने तोच फोटो बदल न करता छापला होता. दोन्ही अंक शेजारी शेजारी दिसताच कृष्णवर्णीय माणसाला अधिक भयावह दाखवल्याची टीका झाली. एकाही वस्तूची जागा न बदलता फोटोचा अर्थ बदलला होता.

सोशल मीडियावरही हाच प्रश्न येतो. सूर्यास्ताचा फोटो अधिक केशरी केला तर ती आवडीची बाब. पण विक्रीसाठी टाकलेल्या पैठणीचा रंग खुलवला तर ग्राहकाची फसवणूक होते. सावळ्या चेहऱ्याचा ट्यूबलाइटमुळे आलेला हिरवटपणा काढणे ही दुरुस्ती आहे, तो चेहरा गोरा करणे नाही. विक्रीच्या फोटोसाठी सोपा उपाय असा : वस्तूशेजारी साधा पांढरा कागद ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढावा, त्या कागदावरून छटा जुळवावी आणि पोस्ट करण्यापूर्वी स्क्रीनवरचा रंग हातातील वस्तूशी ताडून पाहावा.