सोळा आण्यांचा हिशेब



आजच्या सभेत पिकल्या केसांची मंडळी बरीच दिसतात. म्हणून व्याख्यानाचा प्रारंभ मी चार प्रश्नांनीच करतो. रुपयाच्या पै किती? चवली म्हणजे किती आणे? नवटाक मोठे की छटाक? आणि तांदळाचा भाव मणाला पाच रुपये असेल, तर अडीच शेरांचे किती आणे द्यावे? ज्यांचे बालपण १९५७ च्या आधीचे आहे, त्यांच्या ओठांवर उत्तरे तयार असतील : एकशे ब्याण्णव, दोन, नवटाक आणि पाच. त्यांच्या नातवंडांना मात्र ही कोडी वाटतील, आणि आजोबांना अजून हे पाठ आहे याची थोडी मौजही वाटेल. अशा माहितीची गणना आपण आता करमणुकीत करतो. परंतु एके काळी ती करमणूक नव्हती. दुकानदाराच्या, मालकाच्या आणि सरकारच्याही हिशेबाची चूक ओळखण्याचे सामान्य माणसाचे ते एक हत्यार होते. आज त्याविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम कोष्टक आठवू या. तीन पैंचा एक पैसा, चार पैशांचा एक आणा, सोळा आण्यांचा एक रुपया. दोन आण्यांची चवली, चारांची पावली, आठांची अधेली. नाणी अशी घडविलेली की अंधारातही बोटांना ओळखू यावीत : आण्याची कडा नागमोडी, चवली चौकोनी, रुपया वाटोळा. महायुद्धात तांब्याची टंचाई पडली तेव्हा, १९४३ पासून, पैशाच्या मधोमध मोठे भोक आले. तो भोकाचा पैसा तर दोऱ्यात ओवून ठेवता येई. इंग्रजी अमदानीतील चांदीच्या रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन होते. नाणे हेच वजन असल्यामुळे ताजव्यात रुपये टाकून वस्तू तोलता येत. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर आणि चाळीस शेरांचा मण. गावोगावचे शेर आणि पायल्या निरनिराळ्या होत्या, तो घोळ आपण तूर्त बाजूला ठेवू.

आता या सोळा-चाळिसांतील खुबी पाहा. सोळा ही संख्या अर्धी करीत गेले की आठ, चार, दोन, एक अशी अपूर्णांकावाचून उतरते. धान्याचा ढीग डोळ्यांनी अर्धा करता येतो, त्याचा पुन्हा अर्धा करता येतो, पण दहावा भाग डोळ्यांनी काढता येत नाही. शेराचे चार पावशेर, आठ नवटाक, सोळा छटाक. म्हणून जितके रुपये शेर, तितके आणे छटाक. रुपयाचे आणे सोळा आणि मणाचे शेर चाळीस, म्हणून जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर. आण्याच्या पै बारा आणि डझनाचे नगही बारा, म्हणून जितके आणे डझन, तितक्या पै नग. पाटी नको, पेन्सिल नको. अक्षरशत्रू बाईनेही दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या वाण्याची चूक दाखवावी, असे हे हिशेब होते.

मजुरीचेही तसेच. रोजाचे जितके आणे, त्याच्या दुप्पट रुपये धरावे आणि रोजाच्या आण्यांइतक्या चवल्या त्यातून वजा कराव्या, की तीस दिवसांचा पगार हाती येतो. आठ आणे रोज असेल तर सोळा रुपये धरा, आठ चवल्यांचा एक रुपया वजा करा, पंधरा रुपये. ज्या मजुराला हे ठाऊक होते त्याला मुकादमाच्या वहीवर विसंबून राहावे लागत नव्हते. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी घोकून घेत. त्या घोकंपट्टीला आपण पुष्कळ नावे ठेवली, आणि त्यात छडीचा वाटा मोठा होता हेही खरे. पण छडी निघून गेली तरी दिडकी आयुष्यभर उपयोगी पडली, हे आपणांपैकी अनेकजण सांगू शकतील.

आणे केवळ पैशांचे नव्हते. एकराचे चाळीस गुंठे आणि गुंठ्याचे सोळा आणे, म्हणजे मणाचेच प्रमाण जमिनीतही होते. पिकाचा अंदाजही आण्यांतच करीत, आणि त्यालाच आणेवारी म्हणत. येथे हा हिशेब वाण्याच्या दुकानातून थेट राजकारणात शिरतो. १९१८ साली खेडा जिल्ह्यात पीक बुडाले. हा गुजराती मुलूख तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी उतरले, तर त्या वर्षाचा सारा पूर्ण तहकूब करावा, असा नियमच होता. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंमलदार म्हणत, चार आण्यांच्या वर आहे. गांधीजींनी आणि वल्लभभाईंनी जो सत्याग्रह उभा केला, त्याच्या मुळाशी हा आण्यांचा वाद होता. शेवटी ज्यांना ऐपत आहे त्यांनी सारा भरावा आणि गरिबांची वसुली तहकूब व्हावी, असे ठरून लढा थांबला. पीक किती आणे, हे कोणी ठरवायचे? ज्याच्या शेतात ते उभे आहे त्याला त्यात बोलण्याचा अधिकार आहे की नाही? हा प्रश्न आण्यांबरोबर संपला नाही. महाराष्ट्रात आणेवारीची पुढे पैसेवारी झाली, चार आण्यांच्या जागी पन्नास पैशांची रेषा आली, आणि त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर गावोगावच्या सवलती अवलंबून राहिल्या.

मग ही व्यवस्था मोडली का? दशमान पद्धतीचा विचार फार जुना होता. मापांसाठी १८७० मध्ये कायदाही झाला, पण तो अमलात आला नाही. स्वतंत्र भारताने १९५५ साली नाण्यांचा कायदा दुरुस्त केला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग आणि हा शंभरावा, म्हणून 'नवा' हे विशेषण लावावे लागले. लोकांना समजावे यासाठी नाण्यावर 'रुपये का सौवाँ भाग' असेही कोरले. १९६४ च्या १ जूनला ते विशेषण गळून पडले. वजनांचा कायदा १९५६ सालचा. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला.

या बदलात गैरसोय झाली ती आण्याच्या विचित्र भावामुळे. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. कोष्टकात आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पुरे पंचवीस धरले होते. एका जुन्या पैशाचे दोन नवे पैसे होत, वास्तविक किंमत मात्र दीडाहून किंचित अधिक. आता गणित करा. जो गृहस्थ रुपयाचा माल एकदम घेई, त्याला काहीच तोशीस नव्हती. पण जी मोलकरीण पैशापैशाची जिन्नस चौसष्ट वेळा घेई, तिला नव्या नाण्यांत एकशे अठ्ठावीस नवे पैसे मोजावे लागत. दोष दशमानाचा नव्हता, अपूर्णांक पुरा करण्याचा होता. पण अपूर्णांक पुरा करताना तो बहुधा लहान गिऱ्हाइकाच्या माथी बसतो, हा धडा तेव्हाचा आहे आणि तो आजही जुना झालेला नाही.

तरीही मी जुन्याचा भाट नव्हे. रुपये, आणे, पै अशा तीन रकान्यांची बेरीज करताना एका रकान्यात बारांनी आणि दुसऱ्यात सोळांनी भागावे लागे. त्यात मुलांची वर्षे खर्ची पडत. गावागणिक बदलणाऱ्या शेरात लबाडीला जागा होती. ज्याच्या घरी दुकान किंवा वतन नाही, अशा मुलालाही दशमानाने हिशेबाचे दार उघडून दिले. हा लाभ मोठा आहे, आणि तो मान्य केल्यावाचून जुन्या आठवणी काढण्यात प्रामाणिकपणा नाही.

चार आण्यांचे नाणे पंचवीस पैशांच्या रूपाने पुढेही टिकले. ३० जून २०११ रोजी पंचवीस पैसे व त्याखालची सारी नाणी चलनातून गेली. भाषेत मात्र आणे उरले. गोष्ट अजून 'सोळा आणे खरी' असते. सराफाकडे दहा ग्रॅमलाच आपण तोळा म्हणतो. आणि किलो आला तरी आपण भाजी पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो, दीड किलोच मागतो. म्हणजे कोष्टक गेले, पण अपूर्णांकांचे शब्द गेले नाहीत. गेली ती त्यांची सवय.

आज यंत्र बेरीज करते, कागद छापून देते आणि आपण तो न वाचता खिशात घालतो. यंत्र सहसा चुकत नाही, परंतु त्यात भाव भरणारा माणूस चुकू शकतो. म्हणून वडील मंडळींना एकच विनंती. घरी गेल्यावर नातवंडांना भोकाचा पैसा जरूर दाखवा, चवली-पावलीच्या गोष्टी सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. साखर चव्वेचाळीस रुपये किलो असेल तर पाव किलोचे किती, हे त्यांना तोंडी विचारा. 'चव्वेचाळीस पाव अकरा' हे उत्तर एकदा त्यांच्या तोंडून आले की पावकी पुन्हा जिवंत झाली असे समजा. ज्याला आपला हिशेब स्वतः पडताळता येतो, त्याला दुकानात, कामावर आणि कचेरीतही मान खाली घालावी लागत नाही.