प्राणवायू हाताशी, पण हात उचलेना

उंच गेले की हवा विरळ होते, हे आपण शाळेत शिकलो. पण विरळ म्हणजे नेमके काय? सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या श्वासात शंभरातले सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरही प्रमाण तेच. फरक पडतो तो दाबाचा. १८ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि फुप्फुसांतून रक्तात प्राणवायू ढकलणारे बळच कमी पडते. छातीचा भाता चालू राहतो, मेंदूची मात्र उपासमार होते.

ही उपासमार मोठी फसवी. पाण्यात बुडताना जीव कासावीस होतो, तो मुख्यतः शरीरात साठणाऱ्या कर्बवायूमुळे. उंचीवर कर्बवायू श्वासावाटे बाहेर पडत राहतो, म्हणून धोक्याची घंटा वाजतच नाही. उलट माणसाला प्रसन्न वाटते, आपले सारे ठीक चालले आहे असा भरवसा वाटतो.

माणूस हे बलुनमध्ये बसून शिकला. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमध्ये जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल वर गेले, तेव्हा ग्लेशर बेशुद्ध पडले. कॉक्सवेल यांचे हात निकामी झाले. त्यांनी झडपेची दोरी दातांत धरून ओढली, म्हणून दोघे जिवंत परतले. पुढे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने कमी दाबाच्या कोठीत प्रयोग करून दाखवून दिले, की वरून प्राणवायू पुरवला तर माणूस सावरतो.

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ बलून निघाला. त्यात सिव्हेल, क्रोसे-स्पिनेली आणि गास्तों तिसांदिए असे तिघे होते. प्राणवायूच्या पिशव्या बरोबर होत्या. पण साठा थोडा, तेव्हा गरज भासली की घेऊ, असा विचार झाला. गरज आली तेव्हा नळीकडे हात जाईना. तिसांदिए तेवढे वाचले, बाकी दोघे गेले. प्राणवायू नव्हता म्हणून नव्हे, तर जवळ असूनही तो घेता आला नाही म्हणून.

आजचे हवाई नियम या धड्याला धरून आहेत. हौसेने स्वतःचे विमान उडवणाऱ्यांच्या लहान विमानांत बहुधा दाब राखणारी केबिन नसते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार १० ते १३ हजार फुटांच्या दरम्यान अर्ध्या तासाहून अधिक काळ उडायचे, तर वैमानिकाने प्राणवायू घ्यायलाच हवा. १३ हजारांच्या वर तर सतत. ‘गरज वाटल्यास’ अशी सवलत नियमात नाही, कारण ती ठरवणारा मेंदूच आधी गळाठतो. आपले कळसूबाई जेमतेम ५,४०० फुटांचे, त्यामुळे महाराष्ट्रावरून उडणाऱ्या छोट्या विमानाला ही वेळ क्वचितच येते. हिमालयाकडे तोंड वळवले की मात्र सिलिंडर आणि मुखवटा आधी मोजावा लागतो.

महाराष्ट्राच्या आकाशातही या विषयाचा एक मोठा प्रसंग घडला. उद्योगपती विजयपत सिंघानिया हे हौशी वैमानिक. २६ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते मुंबईहून गरम हवेच्या बलूनने निघाले आणि सुमारे २१ हजार मीटर, म्हणजे जवळपास ६९ हजार फुटांवर पोचले. १९८८ मध्ये पेर लिंडस्ट्रँड यांनी टेक्सासमध्ये केलेला १९,८११ मीटरचा विक्रम मोडला. मग ते सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावी सुखरूप उतरले. एवढ्या उंचीवर नुसता मुखवटा उपयोगाचा नाही. चाळीसेक हजार फुटांपलीकडे शुद्ध प्राणवायूही साध्या मुखवट्यातून पुरत नाही आणि ६३ हजारांच्या आसपास तर पाणी शरीराच्या उष्णतेवर उकळते. म्हणून ते आतला दाब टिकवणाऱ्या बंद धातूच्या कुपीत बसले होते. झेनिथच्या वीरांपेक्षा त्यांचे धाडस कमी नव्हते. तयारी मात्र जमिनीवरच पुरी झाली होती.

हे सारे फक्त वैमानिकांपुरते आहे असे वाटत होते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते आपल्या घरात आले. रुग्ण चांगला बोलतो, चहा मागतो, आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा मात्र खाली चाललेला. किती घरांनी हे पाहिले! हौशी वैमानिकही उड्डाणात तेच यंत्र बोटाला लावतात. दोघांनाही सांगणे एकच आहे. प्राणवायूच्या बाबतीत ‘मला काही होत नाही’ या शब्दांवर विसंबू नये. आकडा पाहावा, आणि हात हलतो आहे तोवरच नळी नाकाला लावावी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)