मागील दाराची खिट्टी

मोटारीच्या मागील कप्प्यास मराठीत रूढ झालेला ‘डिकी’ हा शब्द इंग्रजीतून आला. तेथे तो मुळात घोडागाडीवरील नोकराच्या बैठकीचा वाचक होता. पुढे दुआसनी मोटारीच्या मागे उलगडणाऱ्या जादा बैठकीसही तेच नाव मिळाले. बैठक गेली, झाकण उरले, आणि शब्द सामानाचा झाला.

अमेरिकेच्या कायद्यानेही मागच्या दाराकडे याच दृष्टीने पाहिलेले दिसते. १९६८ पासून लागू झालेल्या २०६ क्रमांकाच्या सुरक्षामानकात बाजूच्या दारांच्या कड्यांची कसोटी होती; मागील दार तीतून सुटले. परंतु १९८३ च्या अखेरीस क्रायस्लर कंपनीने ‘मिनिव्हॅन’ बाजारात आणली, आणि त्या दारालगत पुन्हा माणसे, बहुधा मुले, बसू लागली.

खिट्टीची रचना साधी असते. चौकटीवर पक्का खुंट, त्यास वेढणारा दारातील आकडा, आणि आकड्यास रोखून धरणारी खीळ. प्रारंभीच्या गाड्यांतील खुंटाच्या टोकास रुंद डोके नव्हते. टकरीत चौकट पिळवटली की आकडा निसटतो, असा आक्षेपकांचा मुद्दा होता. सरकारी चौकशी सुरू झाली. मार्च १९९५ मध्ये कंपनीने ४० लाखांहून अधिक गाड्यांच्या खिट्ट्या विनामूल्य बदलण्याचे मान्य केले.

मान्य केले नाहीत ते दोन शब्द: ‘दोष’ आणि ‘परत बोलावणे’. तेथील नियमानुसार परत बोलावण्याच्या पत्रात सुरक्षेस बाधक दोष असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. कंपनीने या कामास ‘सेवा-मोहीम’ म्हटले. हा केवळ शब्दच्छल मानणे योग्य नव्हे. ‘सदोष’ असे वाचणारा मालक दुसऱ्याच दिवशी कारखाना गाठील. ‘सेवा’ वाचणारा पत्र खणात ठेवील. दुरुस्ती तीच, परंतु तिची निकड शब्दाने ठरते.

एप्रिल १९९४ मध्ये साउथ कॅरोलायनात १९८५ सालच्या अशाच गाडीतून फेकला जाऊन सहा वर्षांचा एक मुलगा दगावला होता. त्या दाव्यात १९९७ च्या ऑक्टोबरात ज्यूरीने २६ कोटी २५ लाख डॉलर देवविले. वरिष्ठ न्यायालयाने २००१ मध्ये तो निवाडा रद्द करून फेरसुनावणी फर्माविली. मानकातील उणीव मात्र तोवर दूर झाली होती: १९९५ मधील दुरुस्तीने मागील दारही त्यात आले, आणि १ सप्टेंबर १९९७ पासून ती अमलात आली.