ऱ्होड्स बेटाची एक दिवसाची सफर : वाटाड्या काय दाखवतो आणि इतिहास काय विचारतो

प्रस्तावना

एजियन समुद्राच्या आग्नेय टोकाला, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून अवघ्या अठरा किलोमीटरवर ऱ्होड्स हे ग्रीक बेट आहे. डोडेकनीज द्वीपसमूहातील हे सर्वांत मोठे बेट. उन्हाळ्यात येथे मोठमोठी प्रवासी जहाजे लागतात. त्यांतून उतरणारे अनेक प्रवासी स्वतःपुरती गाडी आणि स्वतःपुरता मार्गदर्शक ठरवून एका दिवसात बेट पाहतात. सकाळी मांद्राकी बंदर, मग मॉन्टे स्मिथ टेकडी, दुपारी लिंडोस आणि शेवटी तटबंदीच्या आतले जुने शहर, असा साधारण क्रम असतो.

या पाठात आपण याच वाटेने जाणार आहोत. मात्र सफरीचे वर्णन करणे हा आपला उद्देश नाही. वाटाड्याचे बोलणे हेदेखील इतिहासाचे एक साधन आहे आणि इतर साधनांप्रमाणे त्याचीही चिकित्सा करावी लागते, हे आपल्याला पाहायचे आहे. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारू : हे कोणी बांधले? हे पुन्हा कोणी बांधले? आणि येथून कोण नाहीसे झाले?

वाटाड्यांचा जुना धंदा

पैसे देऊन स्थळ समजावून घेण्याची पद्धत आधुनिक पर्यटनाने सुरू केलेली नाही. आपल्याकडे तीर्थक्षेत्री क्षेत्रोपाध्ये जसे यात्रेकरूला गाठून स्थळाचे माहात्म्य सांगतात, तसे लोक प्राचीन ग्रीक देवस्थानांतही होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसचे प्रवासवर्णन लिहिणारा पॉसेनिअस अशा स्थानिक माहीतगारांचा वारंवार उल्लेख करतो आणि कधी कधी त्यांचे म्हणणे खोडूनही काढतो. प्लुटार्कच्या एका संवादात डेल्फी येथील वाटाडे पाहुण्यांनी आवरते घ्यायला सांगितले तरी प्रत्येक शिलालेख वाचून दाखवत राहतात.

लुशियनच्या नावावर असलेल्या एका ग्रंथातला प्रसंग तर ऱ्होड्समध्येच घडतो. निवेदक डायोनायससच्या मंदिरातील चित्रे पाहत फिरत असतो. तेवढ्यात दोन-तीन माणसे धावत येतात आणि थोड्याशा पैशांत चित्रांमागच्या कथा सांगू लागतात. त्यातले बहुतेक आपण आधीच ओळखले होते, असे निवेदक नोंदवतो. म्हणजे वाटाड्याविषयीचा संशयही वाटाड्याइतकाच जुना आहे.

आज ग्रीसमध्ये हा व्यवसाय परवान्याने चालतो. पुरातत्त्वीय स्थळांच्या आत माहिती सांगण्यासाठी परवानाधारक मार्गदर्शक लागतो. खासगी सफरीतला गाडीचालक कितीही जाणकार असला तरी तो सहसा दारापर्यंतच येतो.

पहिला थांबा : नसलेला पुतळा

मांद्राकी बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरणांच्या मूर्ती आहेत. बंदराच्या दोन बाजूंना दोन पाय रोवून सूर्यदेव हीलिओसचा महापुतळा येथेच उभा होता आणि जहाजे त्याच्या पायांमधून आत येत, असे प्रवाशाला हमखास ऐकायला मिळते.

यातला इतिहास किती? इ.स.पू. ४०८ मध्ये इयालिसॉस, कामिरॉस आणि लिंडोस या बेटावरील तीन नगरराज्यांनी एकत्र येऊन उत्तर टोकाला ऱ्होड्स हे नवे शहर वसवले. इ.स.पू. ३०५ मध्ये डिमिट्रिअसने त्याला वेढा घातला. सुमारे वर्षभर प्रयत्न करूनही शहर पडले नाही. त्याने मागे टाकलेली युद्धसामग्री विकून आलेल्या पैशांतून ऱ्होड्सवासीयांनी लिंडोसच्या कॅरीझ या शिल्पकाराकडून सुमारे ३२ मीटर उंचीचा कांस्य पुतळा करवून घेतला. तो इ.स.पू. २८० च्या सुमारास पूर्ण झाला आणि जेमतेम अर्ध्या शतकानंतरच भूकंपाने गुडघ्यातून मोडून पडला. पडलेला पुतळाही लोक शतकानुशतके पाहायला येत. त्याचा अंगठा कवेत घेणेही फार थोड्यांना जमते, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो.

पुतळा नेमका कोठे उभा होता, हे ठरलेले नाही. बंदरावर पाय फाकून उभ्या असलेल्या पुतळ्याची कल्पना तो पडून गेल्यावर अनेक शतकांनी रूढ झाली. एवढ्या रुंद मुखावर तसा पुतळा उभारणे त्या काळच्या तंत्राला शक्य नव्हते. तरीही ही कथा टिकली, कारण प्रवाशाला बोट दाखवता येईल अशी जागा हवी असते.

दुसरा थांबा : लिंडोसची यादी

दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटरवर लिंडोस आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११६ मीटर उंचीच्या कड्यावर अथेना लिंडिया देवीचे स्थान आहे. पायऱ्यांच्या तळाशी खडकात कोरलेला जहाजाचा मागचा भाग दिसतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे हे काम पिथोक्रिटॉस या शिल्पकाराचे आहे. ऱ्होड्सची सत्ता आणि संपत्ती आरमारावर व समुद्री व्यापारावर उभी होती, याचा हा पुरावा दगडातच आहे.

येथे सापडलेली सर्वांत बोलकी वस्तू मात्र बेटावर नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी येथे उत्खनन केले. त्यांना इ.स.पू. ९९ मधील एक मोठा शिलालेख मिळाला, तो एका चर्चच्या फरशीत बसवलेला होता. आज तो कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 'लिंडोसची बखर' म्हणता येईल अशा या लेखात देवीला कोणी कोणी काय अर्पण केले, याची यादी आहे. तीत पौराणिक वीर आहेत, ट्रॉयच्या युद्धातले योद्धे आहेत आणि अलेक्झांडरही आहे. शेवटी देवीने कोणत्या संकटांत दर्शन दिले, त्याच्या कथा आहेत.

गंमत अशी की लेख कोरला तेव्हा यादीतल्या बहुतेक वस्तू नष्ट झालेल्या होत्या आणि लेखाच्या कर्त्यांना ते ठाऊक होते. म्हणून त्यांनी जुने ग्रंथ आणि पत्रे धुंडाळून प्रत्येक नोंदीला आधार दिला. रोमची सत्ता वाढत असताना आपले वैभव ओसरते आहे, याची जाणीव असलेल्या नगराने आपले स्थळमाहात्म्य दगडावर पक्के केले, असा या लेखाचा अर्थ लावता येतो. कोलॉससची गोष्ट सांगणारा आजचा वाटाड्या आणि हा लेख यांचे काम एकच आहे : नसलेल्या वस्तू दाखवणे. फरक इतकाच की या लेखाने आपले आधार सांगितले.

तिसरा थांबा : 'मध्ययुगीन' शहर

परतल्यावर जुने शहर. सुमारे चार किलोमीटरची तटबंदी, खंदक, फरसबंद 'नाइटांची गल्ली' आणि तिच्या टोकाला महाप्रमुखाचा प्रासाद. १९८८ मध्ये हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

सेंट जॉनचे नाइट हा धर्मयुद्धांच्या काळात यात्रेकरूंची शुश्रूषा करणारा आणि पुढे शस्त्रधारी झालेला ख्रिस्ती संघ. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ऱ्होड्स घेतले. युरोपातील प्रदेश व भाषांनुसार त्यांचे गट होते आणि प्रत्येक गटाचे निवासस्थान वेगळे होते. १४८० चा ऑटोमन वेढा त्यांनी परतवला. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर जिंकले आणि १ जानेवारी १५२३ रोजी नाइट बेट सोडून गेले. पुढची ३९० वर्षे येथे ऑटोमन सत्ता होती.

आता दुसरा प्रश्न विचारू. हे शहर पुन्हा कोणी बांधले? १९१२ मध्ये इटलीने ऑटोमनांकडून बेट घेतले. तेव्हा महाप्रमुखाचा प्रासाद पडका होता. ऑटोमन काळात त्याचा तुरुंग झाला होता आणि १८५६ मध्ये जवळच्या चर्चखाली साठवलेल्या दारूचा स्फोट होऊन त्याची आणखी हानी झाली होती. आज दिसणारा प्रासाद इटालियन राजवटीने १९३७ ते १९४० या काळात उभा केला. तो इटलीचा राजा आणि मुसोलिनी यांच्या निवासासाठी सजवण्यात आला. त्याच्या दालनांतील प्राचीन मोझेक फरश्यासुद्धा शेजारच्या कॉस बेटावरून आणून बसवलेल्या आहेत.

नाइटांच्या गल्लीचेही तसेच. तेथील घरांना ऑटोमन काळात लाकडी सज्जे जोडलेले होते. इटालियनांनी ते काढून टाकले आणि गल्ली पंधराव्या-सोळाव्या शतकात होती तशी दिसावी, असे तिचे रूप घडवले. मॉन्टे स्मिथवरील अपोलोच्या मंदिराचे खांबही याच काळात पुन्हा उभे राहिले. लिंडोसच्या ओवरीत वापरलेल्या काँक्रीटमधील लोखंड पुढे गंजले आणि दगडांना तडे गेले. ग्रीक तज्ज्ञांना ते काम उतरवून नव्याने करावे लागले.

हा खटाटोप केवळ कलाप्रेमापोटी नव्हता. नाइटांमध्ये एक गट इटालियनांचा होता. त्यांचा काळ उठून दिसला आणि मधली चार शतके पुसट झाली, म्हणजे १९१२ चे आक्रमण हे परत येणे वाटू लागते. जीर्णोद्धार हा असा राजकीय युक्तिवाद असू शकतो. जी इमारत सर्वांत अखंड दिसते तिलाच सर्वांत आधी प्रश्न विचारावेत, हा धडा येथे मिळतो.

चौथा थांबा : जेथे गाडी थांबत नाही

राहिला तिसरा प्रश्न. ऑटोमन काळात तटाच्या आत प्रामुख्याने मुसलमान आणि यहुदी राहत. ग्रीक ख्रिस्ती दिवसा कामधंद्यासाठी येत, पण सूर्यास्तापूर्वी त्यांना बाहेरच्या वस्त्यांत परतावे लागे. १९२३ मध्ये ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. ऱ्होड्स तेव्हा इटलीकडे असल्यामुळे येथील मुसलमानांना ती लागू झाली नाही. म्हणून बेटावर आजही तुर्की बोलणारे मुसलमान आहेत.

जुन्या शहराच्या पूर्व भागात यहुद्यांचा मोहल्ला होता. तेथील बहुतेक कुटुंबे पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या यहुद्यांच्या वंशातली होती आणि घरात जुनी स्पॅनिश, म्हणजे लाडिनो बोलत. १५७७ मध्ये बांधलेले काहाल शालोम हे त्यांचे सिनॅगॉग आजही उभे आहे. प्रासादाच्या बांधकामाला सुरुवात झाली त्याच सुमारास, १९३८ मध्ये, इटलीने वंशभेदी कायदे केले. अनेक कुटुंबांनी बेट सोडले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटली शरण गेल्यावर जर्मन सैन्याने ताबा घेतला. जुलै १९४४ मध्ये आधी पुरुषांना आणि मग बायकामुलांना बोलावून डांबण्यात आले. २३ जुलै रोजी सुमारे १,७०० जणांना मालवाहू नावांत कोंबून पिरिअसकडे नेले. तेथून आगगाडीने ते १६ ऑगस्टला आउशवित्झला पोहोचले. वाचलेल्यांची संख्या सुमारे दीडशे आहे. तुर्की वाणिज्यदूत सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी तुर्की नागरिकत्वाचा आधार घेऊन चाळीसहून अधिक जणांना सोडवले. त्यांतील काहींचा तुर्कस्तानशी संबंध केवळ विवाहामुळे होता.

या जागेला आज 'यहुदी हुतात्म्यांचा चौक' म्हणतात. मधोमध काळ्या दगडाचे स्मारक आहे आणि त्यावर अनेक भाषांत लेख आहे. आजूबाजूला उपाहारगृहांच्या खुर्च्या आहेत. घाईच्या सफरीत हा चौक बहुधा चालता चालता मागे पडतो. येथे पुन्हा बांधण्यासारखा प्रासाद नव्हता. येथे घरे होती आणि घरांतली माणसे गेली. १९४७ च्या पॅरिस तहाने बेट ग्रीसला देण्यात आले आणि मार्च १९४८ मध्ये ते अधिकृतपणे ग्रीसमध्ये विलीन झाले. तोवर हा मोहल्ला जवळजवळ रिकामा झाला होता.

समारोप

खासगी सफरीचा खरा लाभ आरामशीर गाडीत नाही. पन्नास जणांच्या गटात वाटाड्याला थांबवता येत नाही. एकट्याने किंवा कुटुंबाने घेतलेल्या वाटाड्याला मात्र "हे कशावरून?" असे विचारता येते आणि "प्रासादात अर्धा तास कमी देऊ, पण त्या चौकात थांबू" असे सांगताही येते. उत्तम वाटाडे अशा प्रश्नाची वाटच पाहत असतात.

ऱ्होड्समध्ये कोलॉसस नाही, पण त्याची जागा दाखवली जाते. मध्ययुगीन प्रासाद दिसतो, पण त्याचे दिसणारे रूप विसाव्या शतकातले आहे. माणसांनी भरलेला मोहल्ला मात्र ना दिसतो ना सहसा दाखवला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्थळ पाहताना या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. लिंडोसचा शिलालेख आणि आजच्या वाटाड्याचे कथन यांत साम्य व भेद कोणते?
२. इटालियन राजवटीने नाइटांच्या काळावरच भर का दिला असावा?
३. आपल्या परिसरातील एखादे ऐतिहासिक स्थळ निवडा आणि या पाठातील तीन प्रश्न त्याला विचारून एक टिपण लिहा.