महिंद्रा सीजे-३बी आणि एमएम ५४०

जुन्या महिंद्रा जीपांपैकी चांगली मागणी असलेली दोन मॉडेल्स. पहिले जपून ठेवण्याचे, दुसरे चालवण्याचे. विलीज या अमेरिकी कंपनीच्या जीपा महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडायला घेतल्या आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या.

सीजे-३बी विलीजने १९५३ मध्ये आणली. उंच बॉनेट ही तिची खूण. तिच्या २.२ लिटर हरिकेन पेट्रोल इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये बसवले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खालीच ठेवले. इंजिनाची उंची वाढली, तसे बॉनेटही वर चढवावे लागले. दोन्ही आसांमधले अंतर अवघे ८० इंच असल्याने ही जीप अरुंद जागेतही वळते. गिअर तीनच असून पेट्रोल मात्र ती भरपूर पिते.

एमएम ५४० ही १९८०च्या दशकाच्या मध्याची. आसांमधले अंतर ९१ इंच, गिअर चार आणि इंजिन प्यूजोचे एक्सडीपी डिझेल, २११२ घनसेंमी. बुलढाणा जिल्ह्यात चालवायला हीच सरस. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर वसलेले. मोताळा-मलकापूरकडे जायचे तर राजूर घाट उतरावा लागतो. अशा उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला रोखून धरते, ब्रेकवरचा भार हलका होतो. लांब चेसिसमुळे खड्ड्यांतले हिसकेही कमी बसतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर मात्र दोघींची भिस्त सारखीच : फोर बाय फोर आणि लो गिअर. स्प्रिंगच्या पाट्यांचे धक्के दोघींतही सोसावेच लागतात.

संग्राहकाचा निर्णय कायद्याने सोपा केला आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. जुनी सीजे-३बी या वयात बसते. एमएम ५४०ला अजून बरीच वर्षे आहेत. तोवर तिला पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची आणि पर्यावरण कराची वाट चालावी लागते.

खरी अडचण मूळपणाची. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक सीजेंमध्ये मालकांनी डिझेल इंजिने बसवली, चेसिस कापून वाढवले, रुंद टायर चढवले. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर बदलाची नोंद आरटीओकडे झाली आहे का, हे आधी विचारावे. चकचकीत रंगावर भुलू नये. चेसिसवरचा रंग पुसून, टॉर्च धरून क्रमांक अंकन्‌अंक आरसीशी ताडावा; एक अंक जरी जुळला नाही, तरी बयाणा देऊ नये.